तळ पडला त्या दिवशीचा शिरा

वन्सं, मी जर्मनीला निघाले तेव्हा एसटीच्या खिडकीशी येऊन तुम्ही म्हणालात, "वहिनी, दादाचा फोटो पेटीत टाकू नका, मांडीवर घ्या." तसाच आणला, थेट सुनीलच्या त्सुफेनहाउझेनच्या घरापर्यंत.

हे शांतिसेनेतून श्रीलंकेला गेले आणि बंडखोरांच्या ज्या तळासमोर पडले, त्याचं नाव मला एकवीस वर्षं पाठ आहे. मामंजी म्हणायचे, "सूनबाई, माणूस म्हातारं होतं, वैर नाही." लोक काशीला जाऊन काही सोडतात. मी घरातच गोड सोडलं, तो तळ पडेपर्यंत. सुनीलच्या लग्नातला लाडू चाखला नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.

यंदा श्रीलंकेच्या सरकारनं बंडखोरांवर फौज घातली. एकेक तळ घेत चालले. बातमी आली की मी नातीच्या खडूनं नकाशावर फुली मारायची. सुनील म्हणायचा, "आई, बास की आता." मी म्हणायची, "तुझं काम बघ."

आणि समोरच्या दारात कोण, तर सेल्वी, श्रीलंकेतलीच तमिळ. इथं केअरवोखे असतो, म्हणजे आठवड्याआड जिना झाडायचा नेम. एक आठवडा मी, एक ती. मी तिच्या दाराजवळचा कोपरा मुद्दाम सोडायची. सूडच तो, हातात होता तेवढा.

मग ज्याच्यासमोर हे पडले, तो तळ पडला. मी शिरा केला. पहिला घास फोटोपुढे, दुसरा माझा, आणि वाटी भरून सेल्वीच्या दारी. जर्मन वाक्य नातीकडून तुकड्यातुकड्यानं घोकलेलं, पोरीला अख्खं वाक्य कळू दिलं नाही. सेल्वीनं घास घेतला, "काय आनंदाचं, अक्का?" विचारलं.

"तुझ्या लोकांनी माझा नवरा मारला. आज त्यांचा तळ पडला."

तिनं घास गिळला आणि मला कळेल अशा सोप्या जर्मनमध्ये, एकेक शब्द सावकाश म्हणाली, "तुमच्या शिपायांनी माझा बाप मारला, आमच्याच अंगणात. मीही वाट बघते. पण माझ्यासाठी फौज कोण धाडणार?"

माझ्याकडे बघत बघत तिनं शिरा संपवला आणि वाटी हातात दिली.

तुम्ही लिहिलंत, "वहिनी, सूड झाला, आता घरी या." वन्सं, मी कुणाला माफ केलेलं नाही. तिनंही नाही. पण गावात सगळे माझ्याशी मान खाली घालून हळू बोलतात. इथं एक बाई दार उघडते आणि सरळ डोळ्यात बघते. तिला माझं वैर समजावून सांगावं लागत नाही. भेटायला येईन मी. राहीन इथंच.