सार्दीचा लवकर पडलेला ठोका

पडदा वर गेला की आधी दिसायचं रंगवलेलं जंगल, मग राणीच्या मुकुटात मी. माझ्या डाव्या हाताला वादक, आणि सगळ्यांच्या मागे टांगलेला काशाचा मोठा गाँग. त्याच्यापाशी मांडी घालून सार्दी. जावा बेटावरच्या क्लातेन गावातल्या आमच्या नाटक कंपनीत एकजात सगळे बडबडे, हा तेवढा गप्प. त्याचं कामच वाट बघण्याचं. बाकीच्यांनी चाल फिरवत फिरवत पुरी केली की याने एक ठोका द्यायचा. त्या ठोक्यावर वाक्य टेकवायची मला सवय झाली होती.

एका वर्षी भातकापणीनंतर तो ठोका लवकर पडायला लागला.

"कांग, मी अजून बोलत असते," मी तालमीनंतर म्हटलं. आमच्याकडे दादाला कांग म्हणतात आणि ताईला म्बाक.

"तू सावकाश बोलतेस, म्बाक. माझ्या डोक्यात चाल कधीच संपलेली असते."

आणि मग तो थांबेचना. गाँगवरून म्हशींवर, म्हशींवरून मेरापी या ज्वालामुखी डोंगरावर. जगातला सगळ्यात मोठा गाँग ओतून घ्यायचा, डोंगराच्या तोंडाशी टांगायचा, एका ठोक्यात अख्ख्या जावा बेटाला जागं करायचं. मुका बोलायला लागला म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या.

कंपनीचे मालक मार्तोयो यांनी तर निदानच केलं. "गाँगला गुरुवारची फुलं नीट मिळत नाहीत. तो रागावलाय, म्हणून सार्दीच्या अंगात शिरलाय."

गुरुवारी गाँगपुढे फुलं आणि धूप सगळेच ठेवतात, मीही ठेवत आले. आता सात प्रकारची फुलं आली, पिवळा भात आला, अख्खी कोंबडी आली. सार्दीला हे फारच मानवलं. पुढच्या गुरुवारी त्याने गावजेवण घातलं आणि त्यासाठी बायकोच्या दोन्ही शेळ्या कापल्या. लोक जेवले, वर त्याच्या भक्तीचे गोडवे गात घरी गेले. कपाळावर हात मारला तो एकट्या तुगिनेमने, त्याच्या बायकोने.

"म्बाक, तो झोपत नाही," ती मला म्हणाली. "पहाटे उठून बघते तर हा छपरावर, कौलं उलटीपालटी करतोय. आणि दमत नाही गं. अंगात आलेलं माणूस नंतर गळून पडतं ना? हा दुसऱ्या दिवशी आणखी ताजा."

"मार्तोयो म्हणतात, अजून एक गुरुवार बघू."

"त्यांचं काय जातंय? याने घराला गिऱ्हाईक बघून ठेवलंय. गाँगच्या काशासाठी. पुढच्या गुरुवारी मी फुलं कुठल्या दारात वाहू?"

हे मी मार्तोयोंना सांगितलं. त्यांनी घराचा विषय काढताच सार्दीने गाँग वाजवायची मोगरी त्यांच्यावर उगारली. ज्याने उभ्या जन्मात कोंबडीला हुश् म्हटलं नव्हतं, त्याने. त्या दिवसापासून मार्तोयोंची गाँगच्या रागावरची श्रद्धा जरा सैल झाली.

"कांग, शहरातल्या डॉक्टरला तुझं सगळं ऐकायचंय," मी त्याला म्हटलं. यात खोटं काही नव्हतं.

"सगळं?"

"शेवटपर्यंत."

तो नाटकातल्या राजाचा कोट घालून बसमध्ये चढला आणि वाटेत कंडक्टरला डोंगरावरच्या सोहळ्याचं आमंत्रण देऊन मोकळा झाला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला खरंच शेवटपर्यंत ऐकलं. मग तुगिनेमला विचारलं, "याच्या उलट कधी झालं होतं?" झालं होतं. आदल्या वर्षीचा सगळा पावसाळा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. आम्ही त्याला आळशी म्हणत होतो.

"ही एकाच आजाराची दोन टोकं," बाई म्हणाल्या. "झोप नाही तरी ताजातवाना, अखंड बोलणं, उड्या मारणारे विचार, अचाट बेत, उधळपट्टी, अडवलं की संताप. आणि पंचाईत ही, की आजाऱ्याला वाटतं आपण इतके बरे कधीच नव्हतो. फुलं वाहा हवी तर. पण औषध चुकवायचं नाही."

दवाखान्यात राहून तो परत आला तो संथ होऊन. औषधाने हात किंचित थरथरायचा. मधूनमधून रक्त तपासायला जावं लागायचं. "डोकं म्हणजे शिळा भात झालाय," असं कुरकुरायचा. आणि दोनदा, दोनदा या माणसाने "बरा झालो" म्हणून गोळ्या सोडल्या. दोन्ही वेळा तेच छप्पर, तोच डोंगर. रंगमंचावर मी सवती सोसल्या, वनवास सोसला, पण सार्दीच्या "बरा झालो"इतका वैताग मला कुणी दिला नाही.

शेवटी तुगिनेमने त्याच्याकडून, तो ताळ्यावर असताना, कबूल करून घेतलं: ठोका लवकर पडला की म्बाक सांगेल, आणि तू वाद न घालता डॉक्टरकडे येशील. मान त्याने डोलावली. पण मान तर तो नेहमीच डोलवायचा.

मी काम सोडल्यानंतरची गोष्ट. एका लग्नात दुपारी वादन होतं, मी खुर्चीत बसून चहा पीत होते. गाणारीचा शेवटचा सूर अजून हवेत होता आणि गाँगचा ठोका पडला. कपात चहा तसाच ठेवून मी सार्दीपाशी गेले.

"कांग, लवकर पडला."

त्याने माझ्याकडे रोखून बघितलं. "बाई रेंगाळली."

"नाही रेंगाळली."

"तुला आता ऐकू कमी येतं, म्बाक."

"म्हणून तर सांगते. मलासुद्धा ऐकू आलं."

तो मोगरी हातात फिरवत बसला. आता डोंगर निघणार, म्हणून मी कंबर कसली. पण त्याने मोगरी खाली ठेवली.

"तुगिनेमला सांग, पिशवी भर," तो म्हणाला. "आणि नव्या गाँगसाठी मी माणूस बोलावलाय, त्याला दारातूनच परत पाठव म्हणावं."