अडवलेला प्रश्न

लेकीच्या टॅबवर मी फिल्टर बसवलाय. तिने काय शोधलं, काय अडवलं गेलं, ते माझ्या मोबाइलवर येतं. कुकर लावताना पाहिलं, तर ‘पाळी म्हणजे काय?’ हा प्रश्न तीनदा अडवलेला.

गौरी आल्या तेव्हा पाळीमुळे मी लांब, गॅलरीत बसले होते. ‘आई, तू आत का येत नाहीस?’ तिने विचारलं होतं. ‘मोठी झालीस की कळेल,’ मी म्हणाले होते. फिल्टरला कोणत्या तोंडाने दोष देऊ? तोही माझ्यासारखाच तोंड फिरवून बसला.

आत्ता जाऊन तिला सगळं सांगावं. पण मग तिला कळणार, तिचं सगळं मी वाचते.

तेवढ्यात तीच दारात आली. ‘काय बघतेयस गं, आई?’

‘काही नाही,’ म्हणत मी मोबाइल पालथा ठेवला.