उलटी बसलेली चकती
ग्रीसचा वास आला की मला धारूरच्या घराचं अंगण दिसतं. आई-वडील ऊसतोडीला निघालेले, दारात ट्रक उभा, आणि जाण्याआधी त्यांना उडवून दाखवायचं म्हणून मी रिमोटच्या हेलिकॉप्टरचा पंखा जोडत होतो. बोटं ग्रीसनं माखलेली; घाईत बेअरिंगची चकती निसटून धुळीत पडली. बांधलेल्या गाठोड्यातून आईनं सूप काढलं आणि अंगणातली माती पाखडली. चकती सापडली, पण मी ती उलटी बसवली आणि पंखा जाम झाला. “चला की बे, लई येळ झाला!” मुकादम ओरडला. ट्रक हलला. मी हेलिकॉप्टर डोक्यावर उंच धरून मागं पळत सुटलो. “उडालं रे बाबा, उडालं!” आई ट्रकमधून ओरडली. अजूनही त्या वासानं माझा हात वर जातो.