वरवंट्यालाही कौल लावणारे अण्णा

आमच्या शेजारचे अण्णा देवाला प्रश्न विचारायचे आणि लगेच तोच प्रश्न स्वयंपाकघरात जाऊन वरवंट्याला विचारायचे.

विक्रोळीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं ते माल तपासून पास करत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी देव तपासायला घेतला. गावच्या रिवाजाप्रमाणे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. हा कौल. पण अण्णा उभ्या वरवंट्यालाही तशीच फुलं लावायचे. "दोघा एकच बोलले तर योगायोग. वेगळे बोलले तर देव खरो. ह्येका म्हणतत शास्त्रीय श्रद्धा!" या पंथाचे सभासद ते एकटेच. काकू आतून ओरडायच्या, "तुमचं शास्त्र उचला तिथून, माझी चटणी अडलीय!"

मी आमच्या खानदानातली पहिली पदवीधर, बीएस्सी, आणि हे मी सांगणारच. अण्णांनाही माझा भारी अभिमान. साक्षीदार म्हणून मलाच बोलावायचे.

मग अण्णांच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या. डॉक्टर म्हणाले, आठवड्यात ऑपरेशन करा, नाहीतर भरवसा नाही. अण्णांनी कौल लावला. देव म्हणाला नाही, वरवंटा म्हणाला हो.

"म्हणजे देव खरो. ऑपरेशन रद्द," अण्णा म्हणाले.

मला राग आला. "अण्णा, कंपनीत एक नग बघून अख्खा लॉट पास करायचात का?"

"मी? एकदाव नाय!"

"मग देवाचा एकच नग कसा चालतो?"

हे त्यांना लागलं. परडीभर फुलं आली. दहा-दहा वेळा कौल लावला. मी वहीत लिहीत होते. देवाचे पाच हो, पाच नाही. वरवंट्याचे सहा-चार.

"अहो, वरवंटा तरी जा म्हणतोय ना!" काकू म्हणाल्या.

अण्णांनी वहीतले आकडे पुन्हा मोजले. मग म्हणाले, "देवान फाइल परत धाडल्यान गो. शेरो मारल्यान, तुमच्या स्तरावर निर्णय घ्यावा." आणि बॅग भरायला उठले.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत गेलो. दारावर गणपतीचा फोटो होता. डॉक्टरांनी आत शिरताना त्याला हात जोडले. अण्णांनी ते बरोबर टिपलं.

"डॉक्टर, हाताचो भरवसो नाय की काय?"

"आहे हो. पण सवय आहे."

"मग एक माझ्या वाटचो पण करा. माझो हात सलायनच्या सुयेत अडाकलो हा."

डॉक्टर हसले आणि त्यांनी खरंच पुन्हा हात जोडले.

अण्णा त्यानंतर सहा वर्षं ठणठणीत जगले. वाचवलं कुणी, देवानं की डॉक्टरनं, असं मी त्यांना छेडायचे. ते म्हणायचे, "बीएस्सी झालंस ना गो? नमस्कार करूक डॉक्टराक दोन सेकंद लागले आणि कापूक पाच तास. दोन्ही तेणाच केल्यान. मगे तू वाटणी कित्याक करतंस?"