पलंगापासून शेल्टरपर्यंत

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्या बिशानच्या फ्लॅटवर एक फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. उंच, पन्नाशीची, परदेशी बाई. चालताना पायांचा आवाज म्हणून नाही. पहिल्याच दिवशी तिने आईच्या गुडघ्याआधी आमचं घर पाहिलं. या देशात नव्या फ्लॅटमध्ये कायद्यानेच असते तशी आमच्याकडेही लोखंडी दाराची बॉम्ब-शेल्टरची खोली आहे. आम्ही तिथे बॅगा आणि लोणच्याच्या बरण्या ठेवतो. तिने बॅगा बाहेर काढायला लावल्या. मग रोज आईला पलंगापासून तिथवर चालवायची, कधी कधी डोळे मिटून. "हळू, पण थांबायचं नाही," एवढंच बोलायची. आईला इंग्रजी येत नाही, तरी हे बरोबर कळायचं.

"हॉलमध्ये चालवा की, उजेड आहे," मी एकदा म्हटलं.

तेव्हा तिने सांगितलं, की ती तिच्या देशात गरम झऱ्यांच्या आरोग्यधामात कामाला होती. युद्ध सुरू झालं आणि तिथे जखमी सैनिक येऊ लागले. "हवाई हल्ल्याचा भोंगा वाजल्यावर स्वतःच्या पायांनी तळघरात पोचला, की तो बरा झाला. दार एकदा लावलं की कोणासाठीही उघडायचं नाही."

परवा शनिवारी ती आलेली असतानाच इथल्या नॅशनल डेच्या संचलनाच्या तालमीची लढाऊ विमानं डोक्यावरून गेली. मी फोटो काढायला खिडकीशी धावले. वळून पाहते तर पलंग रिकामा, ती बाईही दिसेना. बाथरूमला जातानाही माझा हात धरणारी आई! शेल्टरचं दार आतून बंद होतं. मी दार ठोठावलं.

"विमानं जाऊ देत गं," आई आतून शांतपणे म्हणाली, "मग उघडू."