विंचरलेल्या शेळ्या

सेवजिदचे हात घाईचे. शेळ्यांच्या केसांखालची मऊ लोकर सैल झाली की तिला राहवत नसे. त्या वर्षी हिवाळा सरता सरता चार दिवस ऊन पडलं आणि लोखंडी फणीने तिने एकोणीस शेळ्या विंचरून टाकल्या. पाचव्या दिवशी दुपारी येणाऱ्या हिमवादळात उत्तरेचा डोंगर दिसेनासा झाला.

तिचा नवरा गोंचिग ओरडतच घोड्यावरून उतरला, "नागडं केलंस ना त्यांना? आता घाल त्यांना तुझा झगा!"

"घालते की! तुझाही काढ, म्हाताऱ्या!"

हसलं कोणीच नाही. विंचरलेल्या शेळ्या त्यांनी नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोल तंबूत कोंबल्या आणि बाकीचा कळप दगडी भिंतींच्या उघड्या वाडग्यात. वादळात वाट चुकू नये म्हणून तंबूपासून वाडग्यापर्यंत दोर बांधला. बर्फ भिंतीइतका चढला की जनावरं त्यावरून बाहेर पडतात आणि वारा नेईल तिकडे पडेपर्यंत चालत राहतात. सात वर्षांची असताना सेवजिदने वडिलांचा कळप एका घळीत पाहिला होता. सगळी जनावरं गोठून उभीच होती. डोळे उघडे होते.

गोंचिग फावडं घेऊन वाडग्यात गेला. ती तंबूच्या छताची दोरी धरून लोंबकळत राहिली, कारण वारा तंबू उचलू पाहत होता. मग त्याची हाक आली. "सेवजिद! चढतायत गं! एकट्याला नाही जमत!"

दोरी सोडली तर तंबू उडणार आणि या नागड्या शेळ्या घटकाभरात गोठणार. धरून राहिली तर सगळा कळप जाणार.

तिने चूल विझवली. दूध काढताना बांधतात तशा एकोणीसही शेळ्या तोंडाला तोंड लावून मानेभोवती एका दोरात गुंफल्या आणि तो दोर छताच्या दोरीला बांधला. आता तंबूला वजन त्यांचंच.

"मागे बघू नकोस," वाडग्यात पोहोचताच गोंचिग म्हणाला. "उपस!"

ती उपसत राहिली, पण मागे बघतही राहिली. तिकडे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. आधी बें-बें ऐकू येत होतं, मग तेही थांबलं.

संध्याकाळी वारा पडला. कळप वाडग्यातच होता. तंबूही उभा होता. आत मधल्या तीन शेळ्या छताबरोबर वर ओढल्या गेलेल्या दोराचा गळफास बसून लोंबत होत्या.

सेवजिदने एकेक गाठ सोडली. सुटलेल्या शेळ्या तिच्यापासून लांब, पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटल्या.