खर्ड्याची भागूबाई

कोल्हारच्या शिवारात भीमाबाईच्या टोळीला खुरपणीसाठी आधी बोलावणं येतं, कारण तिच्या बायका मागे रेंगाळत नाहीत. प्रत्येकीने पिकाच्या ओळींची एकेक पात धरायची आणि भीमाबाईने गोष्ट सांगायची. जी मागे राहील तिची गोष्ट बुडाली. भीमाबाई बासष्टची, शाळा चौथीपर्यंत. शेजारच्या पातीवर साळूबाई. तीस वर्षं भीमाबाईच्या गोष्टींना हुंकार तीच देत आलेली.

या श्रावणात सोयाबीनमध्ये नवी गोष्ट लागली होती, खर्ड्याच्या भागूबाईची. भागूबाई कडक सासू. तिसऱ्या दिवशी भीमाबाईने सांगितलं, की भागूबाई गॅसचा लायटर कमरेच्या पिशवीत ठेवते. सुनेला चहा करायचा तरी तिच्यापुढे उभं राहावं लागतं.

टोळीतल्या जयाला हसू आवरेना. तिने साळूबाईच्या कमरेच्या पिशवीकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

साळूबाईने खुरपं उचललं आणि अर्धी पात टाकून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. भीमाबाईने गोष्ट सुरू केली, पण वाक्य संपलं की पलीकडून काहीच येईना. जयाने दोनदा "हं" केलं, तेही भलत्याच ठिकाणी. दुपारपर्यंत टोळी मुकाट्याने खुरपत होती. साळूबाई तुटली तर आपल्याला पुन्हा गोष्ट सांगता येणार नाही, हे भीमाबाईला तेव्हा कळलं.

संध्याकाळी ती साळूबाईच्या ओट्यावर जाऊन बसली. साळूबाई गवारीच्या शेंगा मोडत होती. मान वर केली नाही.

"नाव बदललं, गाव बदललं. पार खर्ड्याला नेऊन ठिवली की तुला," भीमाबाई म्हणाली.

"अन् लायटर? त्यो बी खर्ड्याचाच का?"

"मग काडेपेटी करू?"

"काडेपेटी कर न्हाईतर शेगडी कर. पर म्हातारी त्यो जवळ का ठिवती, ते सांगितलंस? समद्या सुनेच्या जागी बसून हसल्या. म्हातारीच्या जागी कोन बसलं?"

"का ठिवती?"

साळूबाईने आत पाहिलं. सून रेश्मा कणीक मळत होती. आवाज खाली आला. "सैपाक तिच्या हाती दिला तवापास्नं मला कोन काय इचारतंय? मीठ न्हाई, भाजी न्हाई. लायटरासाठी तरी दिसातनं चार बारी 'आत्या' म्हनत येती."

इतकी वर्षं शेजारची पात, आणि हे भीमाबाईला ठाऊक नव्हतं.

"उद्या ये," ती म्हणाली. "म्होरलं तूच सांग."

"मला न्हाई येत."

"मला तरी कुटं येत हुतं?"

साळूबाई आली. तिने गोष्ट मधूनच सुरू केली, सुनेचं नाव विसरली, दोनदा 'भागूबाई'च्या जागी 'मी' म्हणाली. कोणी हसलं नाही. लायटरचं कारण आलं तेव्हा जयाचं खुरपं थांबलं. तिची सासूही घरी एकटीच असते. मग साळूबाईची भीड चेपली. भागूबाईला तिने पैठणी नेसवली, दारात जीप उभी केली, दोन मजली माडीवर झोपाळा टांगला.

"आगं, परवा तर पत्र्याचं घर हुतं तिचं!" भीमाबाई ओरडली.

"काल बांधलं," साळूबाई म्हणाली आणि पात पुढे नेऊ लागली.